पहिला वाढदिवस : खर्च कोणाचा, कष्ट कोणाचे?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत कौटुंबिक हिंसाचार, रेशनकार्ड, घरकामगारांची नोंदणी आणि मग एकदम 'बाळाचा पहिला वाढदिवस' असे वाचून सकाळी बऱ्याचजणी हसल्या. एकीने तर मला चहाच्या वेळी विचारले, "केक करायला शिकवणार का?" केक मला येत नाही. पण हा विषय मी मागून घेतला आहे. त्याचे कारण आमच्या बचत गटाच्या कर्जाच्या वहीत आहे.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत आमचा गट आहे. गटातली एकजण चार घरची धुणीभांडी करते, महिन्याला नऊ हजार मिळवते. नवरा टेम्पो चालवतो. पदरात एक मुलगी. तिने ४०,००० रुपयांचे कर्ज मागितले, कारण लिहिले 'आजारपण'. आमच्यात कारण विचारायची पद्धत आहे. कोण आजारी, कोणता दवाखाना, असे विचारता विचारता ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "कोणी आजारी नाही. पोरीचा पहिला वाढदिवस आहे."

बैठकीत एकदम गलका झाला. वाढदिवसाला कर्ज? गटाचा पैसा काय फुगे फोडायला आहे का? मीही तोंड उघडणार होते. उधळपट्टी, दिखाऊपणा, बाजाराची घुसखोरी असे सगळे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. तेवढ्यात ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, दोन वर्षांमागं माझ्या जावेच्या पोराचा वाढदिवस झाला. हॉल घेतला, तीन मजली केक, डीजे, चौकात फ्लेक्स. आता माझ्या पोरीच्या वेळेला सासूबाई म्हणतात, मुलीचा कशाला एवढा? वरण-भात करा आणि औक्षण करा. तुम्हीच सांगता ना मुलगा-मुलगी एक? मग त्याला चाळीस हजार आणि हिला वरण-भात?"

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचले नाही. ज्या राज्यात सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ होते, ते २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाले, बीड जिल्ह्यात तर ८०७ झाले, तिथे एक आई म्हणते की माझ्या मुलीचा जन्म वाजतगाजत साजरा झाला पाहिजे. तिला 'काटकसर कर' म्हणणारी मी कोण? काटकसरीचा पहिला धडा आपण नेहमी मुलीवरच गिरवतो, हे तिने मला भर बैठकीत दाखवून दिले.

कोंडी फोडली ती जावेने. तीही आमच्या गटात आहे, कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या अजून गहाण आहेत." घरात कोणाला हे माहीत नव्हते. गळ्यातल्या वाट्या खोट्या होत्या. पोराच्या वाढदिवसासाठी नवऱ्याने सावकाराकडून शेकडा दहा दराने पैसे उचलले, दर महिन्याला चार हजार नुसते व्याजच जायला लागले, तेव्हा तिने दागिना ठेवून ते फेडले आणि आता दागिना सोडवते आहे. "आहेराच्या पाकिटातून खर्च निघेल म्हणाले होते. पाकिटं आली, पण ती सगळी वहीत लिहून ठेवलीत. ज्याचे पाचशे आले त्याला पाचशे द्यायचेत." आहेर हेही एक प्रकारचे कर्जच असते, फक्त त्याच्या फेडीची तारीख दुसऱ्याच्या हातात असते.

म्हणजे माझी मैत्रीण ज्या बरोबरीसाठी भांडत होती, ती कर्जातली बरोबरी होती. पण तेवढ्याने तिचा प्रश्न संपला नाही. वरण-भात तिला मान्य नव्हता, आणि मलाही नाही.

मग आम्ही हिशेबाला बसलो. आधी गटाच्या कर्जाचा हिशेब केला, कारण आपले व्याज कमी म्हणून ते बोचत नाही. शेकडा दोन दराने ४०,००० घेतले आणि महिन्याला दोन-दोन हजार मुद्दल फेडले, तर वीस महिन्यांत व्याजाचे ८,४०० होतात. एका दुपारसाठी पोर पावणेतीन वर्षांची होईपर्यंत फेड. हे ऐकून ती म्हणाली, बरं, मग कमी करा. घरी सासूबाईंनी लगेच तोड काढली : हॉल नको, आचारी नको, सगळं घरीच करू. कागदावर खर्च बारा हजारांवर आला. सगळे खूश.

इथे जरा थांबा, कारण मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. 'घरीच करू' म्हणजे कोण करणार? नवऱ्याने केलेल्या पाहुण्यांच्या यादीत ११० माणसे होती. पुरी-भाजी ठरली. माणशी पाच पुऱ्या धरल्या तरी साडेपाचशे पुऱ्या. आदल्या रात्री बटाटे उकडणे, कांदे चिरणे, पहाटे तीनला उठून कणीक मळणे, दुसऱ्या दिवशी पातेली घासणे. चार घरी दोन दिवसांचे खाडे. कडेवर एक वर्षाचे पोर, ज्याला त्या गर्दीत नेमकी आईच हवी असते. बारा हजारांचा आकडा जमला कारण तिच्या कष्टाची किंमत शून्य धरली होती. आचाऱ्याला पाच हजार द्यायचे तर तो खर्च, आणि तेच काम आईने केले तर ती बचत.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात आम्हाला कौटुंबिक अंदाजपत्रक शिकवले होते. उत्पन्न, खर्च, बचत असे सुबक रकाने असत. बाईच्या श्रमाचा रकाना त्यात नव्हता, आणि तेव्हा मलाही तो आठवला नाही. मी काही वेगळी नाही. माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस आम्ही 'साधा, घरगुती' केला आणि त्याचा मला अभिमानही होता. साठ माणसांचा स्वयंपाक मी आणि माझ्या आईने केला. त्या दिवसाचे शंभरावर फोटो आहेत, त्यात मी तीनच ठिकाणी आहे. एकात तर नुसता माझा हात आहे, ताटल्या पुढे करणारा. परवा मुलीने विचारले, "आई, माझ्या वाढदिवसाला तू नव्हतीस का?"

तर आम्ही कागद पुन्हा कोरा केला आणि वर दोन अटी लिहिल्या. कर्ज काढायचे नाही. आणि आईने त्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही. यातली दुसरी अट पटवायला जास्त वेळ लागला.

पहिली कात्री यादीला लावली. नवऱ्याला म्हटले, ज्यांनी या पोरीला वर्षभरात एकदा तरी उचलून घेतले आहे त्यांच्या नावावर खूण करा. तो बिचारा प्रामाणिक, खुणा पस्तीसच झाल्या. मंडळाची तीस पोरे गळाली, त्यांच्याबरोबर फ्लेक्सही गळाला. तो फ्लेक्स कसा असतो तुम्हाला माहीत आहे. मध्ये गॉगल लावलेले बाळ, वर पुढारी, खाली 'शुभेच्छुक' म्हणून पंचवीस पुरुषांचे चेहरे, आणि नऊ महिने पोटात वाढवणारी कुठेच नाही.

दुसरी कात्री वेळेला. रात्री आठला बोलावले की जेवण आले. रविवारी दुपारी चार ते सहा बोलावले की खाऊ पुरतो, कोणाचा खाडा पडत नाही आणि बाळ झोपून उठून ताजेतवाने असते. रात्री नऊला डीजेच्या आवाजात किंचाळून रडणारी उत्सवमूर्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

मग खर्च मांडला. ओली भेळ चाळीसजणांची, चुरमुरे-फरसाणापासून कोथिंबिरीपर्यंत सगळे धरून १,४००. कांदा, टोमॅटो चिरायचे काम नवरा आणि त्याचे दोन मित्र करणार, हे नावानिशी लिहून घेतले. किलोभर केक वस्तीतल्या बेकरीतून ५५०. शिऱ्याचे सामान ४५०, आणि शेजारी पोळी-भाजीचे डबे करणाऱ्या बाईकडून शिरा करून घ्यायचा, तिचा मोबदला ५००. यावर एकजण म्हणालीच, "शेजारणीला कशाला पैसे? ती काय परकी आहे?" परकी नाही म्हणूनच द्यायचे. द्रोण-पत्रावळी आणि कागदी पेले २००. थर्माकोलच्या ताटल्यांना २०१८ पासून राज्यात बंदीच आहे. समाजमंदिराची जागा ५००. बोहरी आळीतून पताका वगैरे २५०, मागच्या पडद्याला आजीचे जरीकाठी लुगडे. पंधरा मुलांना चित्रांची वही आणि खडू, तीस रुपयांप्रमाणे ४५०. फ्रॉक ७००. मोबाइलवरच्या फोटोंच्या प्रती १५०. किरकोळ ३५०. एकूण ५,५००. तिचे साठलेले तीन हजार होते, नवऱ्याने अडीच हजार घातले. आहेर आणू नये असे निरोपातच सांगितले. चांदीच्या वाळ्यांची वाट पाहणाऱ्या सासरी ते रुचले नाही, पण माहेरच्या मामाने सुटकेचा श्वास सोडला.

थोडे बाळाविषयीही बोलते, कारण या गडबडीत तेच राहून जाते. एक वर्षाच्या पोराला केकची साखर लागत नाही. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर टाळावी असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. तिच्यासाठी केळे कुस्करून नाचणीची खीर वेगळी केली, ती तिने अंगभर माखून घेतली. फरसाणातले अख्खे शेंगदाणे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकतात, म्हणून फुगे उंच बांधले आणि ज्या पोरांना चालता येत होते त्यांच्यावर एका काकाला नेमले.

आणि जन्मदाखला. वाढदिवसाच्या निमित्ताने तो काढून बघा, हे मी आता प्रत्येक घरी सांगते. पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद दवाखान्यातून होते आणि बारसे नंतर. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव घातले तर शुल्क नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. आमच्या मैत्रिणीच्या दाखल्यावरही जागा कोरी होती. वाढदिवसाच्या आठ दिवस आधी नवरा-बायको जाऊन नाव घालून आले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लावायचे, हे आता राज्यात ठरले आहे. तेव्हा केकवरही तसेच लिहून घेतले : मुलीचे नाव, आईचे नाव, मग बापाचे. बेकरीवाल्याने दोनदा फोन करून विचारले, चूक तर नाही ना.

पैसा वाचला तर त्याचे काय, हेही बोलणे झाले. एकीने सुकन्या समृद्धी खाते सुचवले. पोस्टात २५० रुपयांत उघडते, आईलाही उघडता येते, म्हणून उघडले. योजनेत शिक्षणाच्या शेजारी लग्न बसवलेले आहे ते मला खुपते, पण त्याचे भांडण आईच्या पासबुकाशी नाही.

आता औक्षण. मैत्रीण कामाला जाते तेव्हा पोर सांभाळते तिची आई. ती विधवा. सासूबाईंनी पाच सवाष्णी ठरवल्या होत्या आणि ही आजी मागे भिंतीला टेकून उभी. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, तेव्हा आम्ही गटात पेढे वाटले होते. पण ठराव वाचणे वेगळे आणि आपल्या घरच्या कार्यात सासूसमोर ताम्हण आईच्या हातात देणे वेगळे. माझ्या मैत्रिणीने ते दिले. काही बोलली नाही, नुसते दिले. सासूबाईंनी तोंड फिरवले आणि मुलांना बोलवायच्या निमित्ताने बाहेर गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि शेवटचे औक्षण त्यांनी केले. त्यांना पटले असे मी म्हणणार नाही. पण त्या घरी निघून गेल्या नाहीत.

भेळ चांगली झाली, कांदा जरा जाड चिरलेला होता. आई पूर्ण वेळ मुलीला कडेवर घेऊन बसली. फोटोत ती सगळीकडे आहे.

संध्याकाळी आवरताना मी तिला विचारले, कसं वाटलं? मला वाटले ती खुशीत काहीतरी म्हणेल. ती पताका गुंडाळत होती. म्हणाली, "छान झालं, ताई. पण त्याचा झाला होता तसा नाही झाला." माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते, आजही नाही. तिच्या मुलीला चौकातला फ्लेक्स नको होता हे मला कळते. पण तो मुलाला मिळाला होता, आणि मुलीच्या वेळी आम्हा सगळ्यांना शहाणपण सुचले, हेही खरे आहे.

पुढच्या बैठकीत जावेने आपणहून सांगितले की तिला सातवा महिना चालू आहे. काय होईल ते होवो, पहिला वाढदिवस याच समाजमंदिरात, याच पताका लावून, साडेपाच हजारांतच करायचा. नवऱ्याला तिने अजून सांगितलेले नाही. आम्ही ते वहीत लिहून घेतले आहे, आणि वाट्या सोडवायला गटाने तिला जे कर्ज दिले त्याच्या कारणाच्या रकान्यात 'आजारपण' नाही, 'मुलाचा वाढदिवस' असे स्पष्ट लिहिले आहे.