मुका सहप्रवासी



महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील एक प्रसंग आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. द्रौपदी आणि चारही बंधू वाटेत पडल्यावर युधिष्ठिर एकटा पुढे चालतो. सोबतीला उरते ते मागून आलेले एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन सामोरा येतो आणि कुत्र्याला सोडून रथात चढण्यास सांगतो. धर्मराज त्या मुक्या सोबत्यावाचून पाऊल उचलण्याचे साफ नाकारतो. वाहनात कुत्र्याला घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडे असा फार जुना आहे. आज रथाच्या जागी मोटार आली आहे आणि घरोघरचे मोत्या तीत बसण्याचा हक्क सांगू लागले आहेत. त्यांना बरोबर घेतल्यावर वाटेत काय काय घडते, ते मात्र व्यासांनी सांगितलेले नाही. ते सोलापूरहून पुण्यास मोटारीने जाणाऱ्या कुटुंबांनाच विचारावे!

वाट सुमारे २५० किलोमीटरची. प्रवास लांबचा म्हणून घरातील माउली निघताना मोत्याला पोटभर दूधभाकरी घालते. मोहोळ येईतो त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते आणि टेंभुर्णीच्या अलीकडे ते दूध व ती भाकरी मागच्या गादीवर अवतीर्ण होते! यात मोत्याचा अपराध काही नाही. शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आत असते. ते म्हणते, आपण हलत आहोत. डोळ्यांना तर समोरची गादी स्थिर दिसते. या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. पिल्लांना हा त्रास विशेष होतो. यासाठी निघण्यापूर्वी काही तास खाणे देऊ नये, पाणी मात्र द्यावे. आणि लांबच्या प्रवासाआधी चार-सहा लहान फेऱ्या मारून मोटारीची सवय करावी.

दुसरा प्रकार खिडकीचा. काचेबाहेर मान काढून वारा पिणारा कुत्रा दिसतो मोठा ऐटबाज. पण धूळ, खडे आणि किडे नेमके डोळ्यांतच जातात. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कपर्यंत मोटारीने प्रवास केला. अमेरिका खंड मोटारीने ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्यास ६३ दिवस लागले. वाटेत त्याने बड नावाचा कुत्रा सोबत घेतला. त्या उघड्या मोटारीत धुळीने बडचे डोळे सुजू लागले, तेव्हा जॅक्सनने त्याला चक्क चष्मा घातला! आपल्या मोत्यास चष्म्याची जरुरी नाही. काच अर्ध्यावर ठेवली म्हणजे झाले.

तिसरा प्रकार अधिक गंभीर. काही हौशी मंडळी कुत्र्याला मांडीवर घेऊन मोटार हाकतात. समोर शेळ्यांचा कळप आला की मोत्या उडी घेतो, आणि कधी कधी थेट ब्रेकपाशी पायांत शिरतो. मग कळप, मोटार आणि मोत्या या तिघांचेही दैव एका क्षणावर येऊन ठेपते. म्हणून कुत्र्याची जागा मागे असावी, आणि छातीभोवतीच्या पट्ट्याने त्यास तेथे बांधावे; गळपट्ट्याने बांधल्यास हिसक्यासरशी फास बसतो.

येथवरच्या गोष्टींना आपण हसू शकतो. पुढची हसण्याजोगी नाही.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब वैशाखात पुण्यास निघाले होते. इंदापूरच्या आसपास दुपारी जेवणासाठी थांबले. खानावळीत कुत्र्याला मज्जाव. तेव्हा काचा बोटभर उघड्या ठेवून मोत्याला मोटारीतच बसविले. ताटे वाढून येतात तोच पाणी देणारा पोरगा धावत आला. "काका, तुमचं कुत्रं लई धापतंय बघा. उठंना झालंय!" दार उघडले तेव्हा मोत्या गादीवर आडवा पडला होता. त्या पोरानेच हंडाभर पाणी ओतले, सावलीत नेले, पुठ्ठ्याने वारा घातला; आणि मग पशुवैद्याचे घर गाठले. कुत्रा वाचला. ताटे तशीच राहिली.

असे का होते? काचेतून ऊन आत येते, गाद्या तापतात, पण ती उष्णता बाहेर पडत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच आतील उष्णतामान सुमारे दहा अंशांनी चढते, अर्ध्या तासात वीसच्या घरात. आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हा आत काय होत असेल, हे शाळकरी मूलही बेरीज करून सांगेल. बोटभर फटीने फारसा फरक पडत नाही. माणसाला सर्वांगाला घाम येतो; कुत्र्याला तो मुख्यतः पायांच्या तळव्यांनाच. जीभ काढून धापणे हाच त्याचा पंखा, आणि सभोवतीची हवाच भट्टी झाली की तो पंखा निकामी होतो. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींचे हाल तर अधिकच. कुत्र्याचे नेहमीचे उष्णतामान ३८ ते ३९ अंश. ते ४१ च्या वर गेले की प्राणावर बेतते. अशा वेळी आधी गार पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा, आणि मग वैद्याकडे धाव घ्यावी. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये.

वाहनातून नेताना प्राण्यास अनावश्यक यातना देणे हा १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक खानावळीच्या दारी उभा राहू शकत नाही. धर्मराजाने कुत्र्यावाचून रथात चढण्याचे नाकारले. आपण कुत्र्याला रथात कोंडून स्वतः उतरतो, आणि यालाच लाड म्हणतो!

तेव्हा पहाटे निघावे, पाण्याचे भांडे सोबत असावे, आणि थांबाल तेथे पाळीपाळीने एकाने मोटारीबाहेर सावलीत कुत्र्याजवळ बसावे. एवढे जमत नसेल, तर वैशाखात मोत्याला विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवून जावे. तो दोन दिवस रुसेल. परतल्यावर शेपूट हलवीत दारात उभा राहील, हे काय थोडे झाले?