भाकरीच्या घासापासून जलसंजीवनीपर्यंत

(यवतमाळ येथे कुटुंबांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हे आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे परंपरागत अन्न. हे अन्न ताटातून रक्तापर्यंत कसे पोहोचते, ते आज पाहावयाचे आहे. विषय शाळेच्या पुस्तकातला वाटेल. परंतु पावसाळ्यात अतिसाराने कोमेजलेले मूल वाचविण्याची युक्ती याच प्रवासात दडलेली आहे.

प्रवास मुखातच सुरू होतो. लाळेतील विकर ज्वारीतील पिष्टाचे तुकडे करू लागते; म्हणून घास सावकाश चावला की गोडसर लागतो. जठरात आम्ल आणि पेप्सिन वरणातील प्रथिनांवर काम करतात. या पाचकशक्तीलाच आपल्या पूर्वजांनी जठराग्नी म्हटले. मात्र पचनाचे मोठे कार्य लहान आतड्यात होते. यकृताचे पित्त तेलातुपाचे बारीक थेंब करते आणि स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने व मेद या तिघांचेही विघटन करतो. शेवटी उरतात ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि मेदाम्ले.

येथे आपल्या आजीबाईंच्या ताटाचे शहाणपण कळते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते तूर पुरविते. तुरीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी शोषले जाते.

लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. ग्लुकोज व अमिनो आम्ले तेथून रक्तात जातात, तर मेद बहुतांशी लसीकेच्या मार्गाने. दिवसाकाठी आपण पितो ते पाणी आणि पाचकरस मिळून सुमारे ८ ते ९ लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातील जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर शौचावाटे बाहेर पडतो. बाकी सारा शरीर परत घेते. अतिसारात हा हिशेबच बिघडतो. मूल दगावते ते बहुधा पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे.

परंतु निसर्गाने एक दार उघडे ठेवले आहे. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, तेव्हा त्याच्याबरोबर सोडियमही आत येते आणि त्यांच्यामागून पाणी. पटकीतही हे दार बहुतांशी शाबूत राहते. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतील कोलाम पोडांवर पावसाळ्यात दवाखाना गाठणे सोपे नसते. तेथे हे ज्ञान घरातच हवे. जलसंजीवनीची पुडी मिळाली तर ती वापरावी आणि तिच्यावर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त पडू देऊ नये. मुलाला ते थोडे थोडे, वरचेवर पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात करावी.

‘जुलाब लागले, पोट रिकामे ठेवा’ ही समजूत घातक आहे. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी दर ३ ते ५ दिवसांनी नव्या होतात आणि त्यांनाही पोषण लागते. म्हणून अंगावरचे दूध आणि मऊ आहार चालूच ठेवावा. वैद्यकीय सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही द्याव्यात. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा. वाटेतही पाजणे थांबवू नये.

आपण येथे जमलेल्या प्रत्येकाने पावसाळ्यापूर्वी निदान पाच घरी जाऊन हे पाणी करून दाखवावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.