वंचितांच्या शिक्षणसंस्थांचे प्रकार

वंचित समाजांसाठी निघालेल्या शिक्षणसंस्थांचे प्रकार अभ्यासक्रमावरून पाडता येत नाहीत. पैसा कोणी दिला आणि विद्यार्थी राहिला-जेवला कुठे, यावरून ते ठरतात. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची काही महाविद्यालये चर्च व मिशनांनी काढली, काही राज्य सरकारांनी. 1890 च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांना सांगितले, की अनुदानित महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी संस्था चालवा. दक्षिणेकडील राज्यांनी दुसरा मार्ग धरला.

महाराष्ट्रात वेगळ्या महाविद्यालयांची अशी परंपरा पडली नाही. अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचे स्मरण जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेत केले, पण त्याआधीच पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी त्यांनी काढलेल्या शाळा प्राथमिकच होत्या. पुढचे शिक्षण अडले ते राहण्या-जेवण्यापाशी. शहरात खोली मिळेना, खाणावळीत पंगत मिळेना. म्हणून इथे महाविद्यालयाआधी वसतिगृह आले.

पहिला प्रकार एकेका समाजाच्या वसतिगृहाचा. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहे, आणि 1908 साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली, हा आक्षेप खोटा नाही. पण आपल्या पोरांसाठी म्हटले की समाजातून वर्गणी निघे, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रकार एका पंगतीचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. मुलेच दळण-स्वयंपाकाला हात लावत, शेतात राबत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. श्रमातून फी भागवण्याची ‘कमवा आणि शिका’ ही रीत याच घरातली. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने बहुजनांच्या शिक्षणाचे मोठे जाळे उभे केले.

तिसरा प्रकार अमेरिकेतील महाविद्यालयांच्या सर्वांत जवळचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. 1946 मध्ये मुंबईचे सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादचे, पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. प्रवेश सर्वांना खुला. फरक वेळापत्रकात होता. सिद्धार्थमध्ये सकाळी वर्ग भरत, म्हणजे कारकून मुलगा तास आटोपून कचेरी गाठू शके. मिलिंदमध्ये नाटके झाली, तिथून लेखक निघाले. दलित साहित्याच्या इतिहासात या आवाराला टाळून पुढे जाता येत नाही. नागपुरात दीक्षाभूमीवरील महाविद्यालय 1964 चे.

चौथा प्रकार आश्रमशाळेचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव, पांढरकवडा, झरी भागातील गोंड व कोलाम वाड्यांसाठी हाच सर्वांत ओळखीचा. शाळा आणि वसतिगृह एकाच आवारात, खर्च आदिवासी विकास विभागाचा किंवा अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचा. पहिलीत येणाऱ्या कोलाम मुलाच्या घरची बोली कोलामी, म्हणजे द्रविड कुळातली; हातातले पुस्तक मराठी. त्यामुळे त्याची पहिली काही वर्षे अक्षरांइतकीच भाषा शिकण्यात जातात, आणि शिक्षकाला कोलामी येत नसेल तर अडचण दुप्पट.

आश्रमशाळा संपली की जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. महाविद्यालय शहरात, शासकीय वसतिगृहातल्या जागा मोजक्या. ज्यांना तिथे जागा मिळत नाही, अशा पात्र आदिवासी विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भोजन-निवासाची रक्कम ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्’ योजनेतून जमा होते. खोली मात्र ज्याची त्याने शोधायची.