जुना रहिवासी आणि नवे बीज : ग्रामीण तलावांतील मत्स्यसंवर्धनाचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



काचेच्या मत्स्यालयात एखादा आक्रमक मासा आधीपासून राहत असेल, तर संपूर्ण टाकी तो आपलीच हद्द मानतो. त्यात एखादा लहान मासा सोडला की तो दोन-तीन दिवसांत दिसेनासा होतो. म्हणून जाणकार मंडळी नवे मासे जुन्याच्या तोडीच्या आकाराचे निवडतात, एकाऐवजी अनेक मासे एकदम सोडतात आणि दगड व वनस्पतींची मांडणी बदलून जुनी हद्द मोडतात. घरात हा छंदाचा प्रश्न असतो. गावतलावात मात्र तो उपजीविकेचा प्रश्न होतो.

देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यसंवर्धनास खरी गती मिळाली ती प्रेरित प्रजननामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काच्या साह्याने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९७१ मध्ये मिश्र मत्स्यसंवर्धनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. कटला, रोहू, मृगळ या तीन देशी जातींसोबत चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस या तीन विदेशी जाती एकाच तळ्यात वाढविणे, हे त्याचे सूत्र होते. पृष्ठभागावर, मधल्या थरात व तळाशी राहणारे मासे वेगवेगळे अन्न खातात. त्यामुळे स्पर्धा कमी होते आणि उत्पादन वाढते.

तथापि, तळे रिकामे नसते. मरळ, शिवडा यांसारखे भक्षक मासे तेथे आधीपासूनच असतात. मरळ हवेतूनही श्वसन करू शकतो आणि चिखलात तग धरतो. त्यामुळे केवळ जाळे ओढून त्याचे निर्मूलन होत नाही. यावर रूढ उपाय म्हणजे मोहाची पेंड. दर हेक्टरी, एक मीटर खोल पाण्यास सुमारे २५०० किलोग्रॅम पेंड बीज सोडण्यापूर्वी साधारण तीन आठवडे टाकली जाते. तिच्यातील सॅपोनिनमुळे मासे मरतात, परंतु ते खाण्यायोग्य राहतात. विषाचा प्रभाव ओसरल्यावर तीच पेंड खताचे काम करते. त्यानंतर सुमारे दहा सेंटीमीटर लांबीची बोटुकली सोडावी, अशी शिफारस आहे.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. उपाय ज्ञात असूनही तो सर्वत्र का अवलंबिला जात नाही? समजा, एका हेक्टरमध्ये ५००० बोटुकली सोडली आणि निम्मी भक्षक माशांनी खाल्ली, तर जगलेल्या प्रत्येक माशामागे बीजाचा खर्च दुप्पट होतो. तरीही ठेका एकाच वर्षाचा असेल, तर पेंडीवर व मोठ्या बीजावर खर्च करण्यास ठेकेदार कचरतो, कारण तळे सुधारल्याचा लाभ पुढच्या ठेकेदाराला मिळण्याची शक्यता असते. स्वस्त, लहान बीज टाकून तो दैवावर हवाला ठेवतो. म्हणूनच १९७३-७४ पासून स्थापन झालेल्या मत्स्यशेतकरी विकास यंत्रणांनी प्रशिक्षण व अर्थसाहाय्याबरोबरच दीर्घ मुदतीच्या ठेक्यांवर भर दिला. तंत्राइतकेच महत्त्व हक्काच्या मुदतीला असते, हा यातील धडा होय.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. ज्याला भक्षक म्हणून काढून टाकले जाते, तो मरळ बाजारात चांगला भाव मिळवितो. तळ्यातील लहानसहान देशी मासे हे तर ठेका न मिळालेल्या गरीब कुटुंबांचे अन्न असते. तळे साफ झाल्यावर उत्पादन वाढते, पण ते कोणाच्या ताटात पडते, हा प्रश्न शिल्लक राहतो. सहकारी संस्थांत अशा कुटुंबांना स्थान देणे हा त्याचा एक मार्ग आहे.

तिसरी बाब मर्यादेची. तळ्याला बांध असतो, नदीला नसतो. १९७१ मध्ये हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात चंदेरा अपघाताने शिरला. तेथे तो झपाट्याने वाढला आणि कटल्याचे प्रमाण घटले. म्हणजे येथे आक्रमक ठरला तो जुना रहिवासी नव्हे, तर पाहुणा. आफ्रिकी मागूर या मांसभक्षी माशाच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, तीही याच धोक्यामुळे. तळ्यातील चूक पुढच्या हंगामात दुरुस्त करता येते, परंतु खुल्या पाण्यात पसरलेली जात परत बोलावता येत नाही.

२०२० मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेसाठी २०,०५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचे नियोजन करण्यात आले. अशा योजनांचे मूल्यमापन केवळ टनांत करणे पुरेसे नाही. किती बीज सोडले यापेक्षा किती जगले, ते कोणाच्या हाती आले आणि त्यासाठी कोणती देशी जात गमावली, हे तीन प्रश्न भावी प्रशासकांनी प्रत्येक तलावाच्या काठी उभे राहून विचारले पाहिजेत.