एक दिवस वस्तुसंग्रहालयात आणि हाटात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्ही मात्र, आपण ज्या भूमीवर राहतो तिच्याकडे पाहण्याची विनंती करणार आहोत. सिलतऱ्याच्या कारखान्यांत पोटापाण्यासाठी आलेल्या आमच्यासारख्यांची रायपूरशी ओळख बहुधा बाजार, इस्पितळ आणि रेल्वे स्टेशन एवढ्यापुरतीच राहते. ती थोडी वाढवावी म्हणून एका सुटीच्या दिवशी आम्ही एका छत्तीसगढी स्नेह्यांसह शहरात गेलो. हे स्नेही पोलादाच्या भट्टीवर काम करतात.

प्रथम महंत घासीदास स्मारक संग्रहालय पाहिले. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी १८७५ साली त्याची स्थापना केली आणि सध्याच्या वास्तूचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेथे किरारी गावचा एक लाकडी स्तंभ आहे. १९२१ साली गावातील हिराबांध तलावाचे पाणी आटले, तेव्हा तो गाळात सापडला. त्यावरील ब्राह्मी लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानला जातो. सेनापती, भांडागारिक, माहुत, स्वयंपाकी, पत्रे पोहोचविणारा अशा राजसेवकांच्या पदांची त्यात यादी आहे. शतकानुशतके पाण्यात टिकलेले हे लाकूड उन्हात येताच सुकले आणि त्याच्या सालपटांबरोबर बरीचशी अक्षरेही गळून पडली. सुदैवाने गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी त्यापूर्वीच अक्षरांची नक्कल करून ठेवली होती. आज आपण तो लेख वाचू शकतो, तो त्या नकलेमुळे.

पुढे सिरपूरच्या धातुमूर्ती होत्या. आमचे स्नेही त्यांच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. आम्ही देवतेचे नाव शोधीत होतो. ते मात्र ओतकाम कसे झाले असेल, हे पाहत होते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दुपारी पंडरीच्या छत्तीसगढ हाटात मिळाले. बस्तरचा एक घडवा कारागीर आपली पितळी शिल्पे मांडून बसला होता. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून आकार घडवायचा, वरून पुन्हा माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा आणि शेवटी साचा फोडायचा. साचा फुटतो, म्हणून एकीसारखी दुसरी वस्तू होत नाही. मेण वितळवून ओतण्याची हीच रीत भारतातल्या प्राचीन धातुमूर्तींचीही आहे. स्नेही म्हणाले, "आमच्या भट्टीतून निघालेले लोखंड बाहेर गेले की मला ओळखता येत नाही. ह्यांना आपल्या हातची प्रत्येक वस्तू ओळखता येईल." सकाळच्या मूर्तींवर घडविणाऱ्याचे नाव कोठेच नव्हते, येथे घडविणारा समोर बसला होता आणि त्याचे नाव विचारता येत होते.

मित्रहो, मराठी माणूस ह्या प्रांतात पूर्वीही आला आहे. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर आले ते नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन. विसाव्या शतकात आलेल्यांची साधने निराळी होती. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी राजांचे कोरीव लेख वाचून १९५५ साली त्यांचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. त्यात रतनपूरच्या राजांचेही लेख आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी त्याच दशकात सिरपूरला उत्खनन केले. पहिल्यांची सत्ता गेली. दुसऱ्यांचे वाचन आजही ह्या प्रांताच्या उपयोगी पडते.

आपण आलो ते चाकरीसाठी, आणि त्यात कमीपणा काही नाही. परंतु घरात मराठी जपत असताना दाराबाहेरचे काही वाचलेच नाही, तर आपली मुले येथे जन्मूनही परकीच राहतील. म्हणून मंडळाला आमची एक नम्र सूचना आहे. वर्षातून एक दिवस प्रत्येक कुटुंबाने एका छत्तीसगढी कुटुंबासह असा घालवावा, आणि जे पाहिले ते मुलांकडून मराठीत लिहवून मंडळाच्या दप्तरी ठेवावे. किरारीच्या पंडितांनी केले ते याहून फार निराळे नव्हते. त्यांनी ते वेळेवर केले, एवढेच.