साप्ताहिक इंजेक्शन आणि उपवासाचे तप



वजन घटविण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची सेमाग्लुटाइड व टिर्झेपेटाइड ही औषधे २०२५ साली भारतात उपलब्ध झाली. पर्युषणापूर्वी एक मात्रा टाळली की शरीर औषधमुक्त होते, हा समज मात्र चुकीचा आहे.

सेमाग्लुटाइड रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. म्हणून त्याचा निचरा अतिशय संथ होतो. सुमारे ७ दिवसांनी ते निम्मे उरते, दोन आठवड्यांनी चतुर्थांश, तीन आठवड्यांनी अष्टमांश. शेवटच्या मात्रेनंतर सुमारे ५ आठवडे त्याचा अंश शरीरात राहतो. टिर्झेपेटाइड सुमारे ५ दिवसांत निम्मे होते.

या काळात भूक मंदावलेली असते आणि अठ्ठाई सोपी भासते. परंतु क्षुधा-परीषह समभावाने सहन करणे वेगळे आणि औषधामुळे क्षुधाच न जाणवणे वेगळे. मळमळ-उलट्या होत असता निर्जल उपवास केल्यास शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. सोबत इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी किमान दीड महिना आधी डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. औषध परस्पर बंद करू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही शेवटच्या मात्रेची तारीख सांगावी.

सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे. आपली शक्ती यथार्थ जाणणे, हा त्या तपाचाच आरंभ होय.

जय जिनेंद्र!