एका पिरॅमिडची बातमी
(मेळाव्यातील भाषण)



मागच्या बैठकीत प्रसारमाध्यमांवर बरीच चिडचिड झाली. आपण धरणं धरतो, पत्रकं वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन ओळीही छापून येत नाहीत. म्हणून आज मी जगभर गाजलेल्या एका बातमीबद्दल बोलणार आहे. बातमी थडग्याची आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

पूर्व जर्मनीत देसाऊ नावाचं शहर आहे. इंगो नीरमान हे लेखक आणि येन्स थील हे अर्थतज्ज्ञ यांनी 2007 साली एक योजना पुढे आणली. शहराजवळच्या श्ट्रीत्स गावच्या शेतात पिरॅमिड बांधायचा. तो राजासाठी नाही, सर्वांसाठी. कुठल्याही देशाच्या, धर्माच्या माणसाने सुमारे 700 युरो भरून आपल्या रक्षेसाठी एक दगड घ्यायचा. दगडावर दगड चढत जाणार, आणि लाखो लोक आले तर इजिप्तचा पिरॅमिडही ठेंगणा ठरणार! सरकारी सांस्कृतिक निधीने मदत केली. आराखडे पारखायला रेम कूलहास यांच्यासारखे नामवंत वास्तुशिल्पकार बसले. मग काय, देशोदेशीची वृत्तपत्रं धावली. 2010 साली फ्राउके फिन्स्टरवाल्डर यांनी त्यावर माहितीपटही केला. पिरॅमिड मात्र झालाच नाही.

हे नवं नाही. लंडनमध्ये 1829च्या सुमारास टॉमस विल्सन यांनी 50 लाख प्रेतं मावतील असा 94 मजली पिरॅमिड कागदावर काढला होता. त्याचीही चर्चा झाली आणि तोही कागदावरच राहिला. पुरुषांना उंच बांधायची हौस फार, असं कुणी म्हणेल. मला तेवढ्यावर थांबायचं नाही.

मला विचारायचंय, ते शेत रिकामं का होतं? जुन्या पूर्व जर्मनीत बहुतेक बायका नोकरी करायच्या, मुलं पाळणाघरात असायची. 1990 साली दोन्ही जर्मनी एक झाल्या, कारखाने धडाधड बंद पडले आणि बायकांच्या नोकऱ्या गेल्या. तरुण मुली पश्चिमेकडे निघून गेल्या, मुलांपेक्षा जास्त संख्येने. ज्या 2007 साली पिरॅमिडचा गाजावाजा झाला, त्याच वर्षी बर्लिनच्या एका लोकसंख्या अभ्याससंस्थेने या निघून गेलेल्या मुलींवर अहवाल काढला. मी वाचलेल्या पिरॅमिडच्या बातम्यांत पर्यटक येतील, रोजगार येईल, गावकऱ्यांचा विरोध आहे, एवढं होतं. त्या मुली कुठेच नव्हत्या. ओसाड प्रदेशाला थडगं सुचवलं की बातमी होते. प्रदेश ओसाड का झाला, हे विचारलं की तो 'बायकांचा विषय' होतो आणि आतल्या पानावर जातो.

आता दुसरी दफनभूमी पाहा. न्यूयॉर्कजवळच्या हार्ट बेटावर 1869 पासून शहरातल्या बेवारस आणि गरीब माणसांना पुरतात. आजवर 10 लाखांहून जास्त. मोठ्यांच्या पेट्या लांब चरांत एकावर एक. मृत जन्मलेली आणि तान्ही बाळं वेगळ्या चरांत. अनेक वर्षं खड्डे खणायला तुरुंगातले कैदी न्यायचे. बेट तुरुंग खात्याचं, त्यामुळे आईलाही आपल्या बाळाच्या जागेपर्यंत जायची परवानगी नव्हती. मेलिंडा हंट या कलावती 1990च्या दशकापासून तिथल्या नोंदी गोळा करत राहिल्या, नावं लावत राहिल्या. आयांनी पाठपुरावा केला, कोर्टात गेल्या. 2015 साली कुटुंबीयांना कबरीपर्यंत जाता येऊ लागलं, आणि 2021 साली बेट उद्यान खात्याकडे आलं. जगाने ते बेट नीट पाहिलं केव्हा? एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या लाटेत, आकाशातून टिपलेले चरांचे फोटो आले तेव्हा. आयांची मागणी त्याआधी कितीतरी वर्षं चालू होती.

म्हणून माझं म्हणणं असं की आपणही पत्रकात नुसत्या घोषणा लिहू नयेत. नोंदी लिहाव्यात. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावच्या स्मशानात किंवा कब्रस्तानात चौकशी करून यावं. 'बायकांनी तिथे जायचं नसतं' असं घरात कुणी म्हणालं तर दोघी मिळून जा. नोंदवही कोण ठेवतं, बाईचं नाव पूर्ण लिहितात की 'अमक्याची पत्नी' एवढंच, तान्ह्या बाळांची नोंद होते का, तेवढं वहीत उतरवून आणा. मी माझ्या वस्तीतलं आणते.